अंजदीवची चाळीस गलबतं

५ ऑक्टोबर १४९८ या दिवशी वास्को द गामाची तीन जहाजं अंजदीव बेटावरून आफ्रिकेकडे निघाली. हे बेट कारवारच्या जरा दक्षिणेला, बिणग्याच्या किनाऱ्यासमोर आहे. येताना मालिंदीहून मलबारपर्यंतचा समुद्र या जहाजांनी २३ दिवसांत ओलांडला होता. परतताना त्याच समुद्राने तीन महिन्यांना तीन दिवस कमी घेतले. वारा पडलेला, पाणी मोजून प्यायचं, हिरड्या सुजून दातांवर चढलेल्या. त्या एका पल्ल्यात ३० माणसं गेली आणि दर जहाजावर काम करू शकणारे जेमतेम सात-आठ जण उरले. मालिंदी सोडल्यावर ‘साओ राफाएल’ हे जहाज त्यांनी आपल्याच हाताने जाळलं, कारण तीन जहाजं चालवायला माणसंच नव्हती.

ही हकीकत माझ्या आजोबांना पहिल्यांदा वाचून दाखवली गेली तेव्हा त्यांनी फक्त तारीख पुन्हा विचारली. मग म्हणाले, “दिवाळी झाल्याबगर अरबाच्या वाटेक कोण शीड लावता?”

आजोबा वेंगुर्ल्याचे. पडावावर तांडेल होते. मंगळूरहून कौलं भरायची आणि मुंबईला उतरवायची, हा त्यांचा उभ्या आयुष्याचा धंदा. त्यांचे धाकटे भाऊ शाळेत शिक्षक. आम्ही त्यांना मास्तरआजोबा म्हणत असू आणि आजोबाही सख्ख्या भावाला ‘मास्तर’ अशीच हाक मारत. आगोट लागली, पडाव वर ओढून शाकारून ठेवला, की आजोबांना चार महिने पडवीशिवाय दुसरी जागा नसे. मास्तरआजोबा संध्याकाळी पुस्तक घेऊन यायचे आणि मोठ्या भावाला वाचून दाखवायचे. वाचन पानभरही पुढे सरकत नसे. आजोबा मध्येच थांबवत, तिथी विचारत, वारा विचारत, मग गोष्ट आपल्या ताब्यात घेत. गामाच्या सफरीची जी गोष्ट मी लहानपणी ऐकली ती अशी दोघांच्या वादातून ऐकली. तिच्यात जे झालं ते मास्तरआजोबांचं असे आणि जे होऊ शकलं असतं ते आजोबांचं.

पुढे मी त्या सफरीची रोजनिशी वाचली. गामाच्याच ताफ्यातल्या कुणा माणसाने ती लिहिली. त्याचं नाव बहुधा आल्व्हारो व्हेल्यो असावं असं मानतात. वाचताना माझ्या लक्षात येत गेलं की आजोबांचं ‘असतं तर’ हवेतलं नव्हतं. ते वाऱ्यावर, भरतीवर आणि जहाज कसं दुरुस्त करतात यावर उभं होतं.

आधी वाऱ्याचं सांगते. अरबी समुद्रात अर्धं वर्ष नैर्ऋत्येचा वारा आणि अर्धं वर्ष ईशान्येचा. आफ्रिकेहून इकडे यायचं तर नैर्ऋत्येचा धरायचा, तिकडे जायचं तर ईशान्येचा. गामा २४ एप्रिलला मालिंदीहून निघाला ती वेळ बरोबर होती, कारण ती त्याला तिथल्या वाटाड्याने सांगितली. परतायची वेळ सांगायला त्याच्याजवळ कुणी नव्हतं, किंवा असलं तरी त्याने ऐकलं नाही. कालिकतचा राजा सामुद्री याच्याशी बिनसल्यावर २९ ऑगस्टला त्याने कालिकत सोडलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात नैर्ऋत्येचा वारा मरतो आणि ईशान्येचा अजून उभा राहिलेला नसतो. कोकणातला, मलबारातला, कच्छातला कुठलाही तांडेल या दिवसांत किनारा सोडत नसे. किनाऱ्याकिनाऱ्याने जायला रात्रीचे मतलई वारे पुरतात, भर समुद्र ओलांडायला पुरत नाहीत. गामा अंजदीवला आणखी पाच-सहा आठवडे थांबला असता तर ताज्या पाण्यानिशी, धडधाकट माणसांनिशी महिन्याभरात पलीकडे पोचला असता.

तो थांबला का नाही? पडवीवरच्या गोष्टीचा गाभा हाच होता.

अंजदीवला गोड्या पाण्याचा झरा होता, दगडी टाकं होतं. गामाने तिथे जहाजं साफ करायला घेतली. किनाऱ्यावरचे लोक होडक्यांतून मासे, भोपळे, काकड्या, कोंबड्या घेऊन येत. त्यांच्यासाठी ही गिऱ्हाइकं होती. याच मुक्कामात गामाच्या माणसांनी एक गलबत पकडलं. आत निघाले नारळ, गुळाच्या ढेपांच्या चार बरण्या आणि थोडी हत्यारं. गलबताचा मालक पैसे देऊन ते सोडवायला आला. गामाने नकार दिला आणि गलबत जाळलं. मास्तरआजोबा हे वाचत तेव्हा आजोबा कान देऊन ऐकत. गलबत जाळणं ही गोष्ट त्यांना माणूस मारण्याइतकीच वाटे.

मग एक दिवस चाळिशीचा एक माणूस आला. अंगात पांढरं सुती, डोक्याला उंची फेटा, कमरेला तलवार. त्याने गामाला मिठी मारली आणि इटलीतल्या व्हेनिसच्या बोलीत घडाघडा बोलू लागला. मी गोव्याच्या अधिपतीच्या चाकरीत आहे, माझे धनी तुम्हाला हवं ते देतील, इथेच राहायचं म्हटलंत तरी आनंद होईल, असं त्याचं बोलणं. तो फार बोलला. अवतीभवतीच्या लोकांत चौकशी करता कळलं की हा हेर आहे. त्याला बांधून चाबकाने फोडून काढलं तेव्हा खरं बाहेर आलं: खाड्याखाड्यांत हत्यारबंद माणसं दबा धरून आहेत, पण ती एवढ्यात अंगावर येणार नाहीत, कारण आणखी चाळीसेक गलबतं सज्ज होत आहेत आणि त्यांची वाट बघणं चाललं आहे.

हे कळल्यावर गामा थांबणं शक्यच नव्हतं. नसलेल्या वाऱ्यात तो निघाला.

हेरालाही त्याने बरोबर नेलं. जन्माने ज्यू असलेला हा माणूस लिस्बनला बाटून गास्पार द गामा झाला. ज्याने त्याला फटके मारले त्याचंच आडनाव त्याला मिळालं. १५०० साली काब्राल या पोर्तुगीज कप्तानाच्या ताफ्याबरोबर तो दुभाष्या म्हणून पुन्हा हिंदुस्थानात आला आणि पुढेही येत राहिला.

आजोबांचा सगळा जीव त्या चाळीस गलबतांत अडकलेला असे. “तो बोललो नसतो तर?” असं म्हणून ते सरसावून बसत. मग पडवीवर ऑक्टोबरातली ती पहाट उभी राही. पुढच्या ओळी आजोबांच्याच आहेत, भाषा थोडी माझी आहे.

जहाज साफ करायचं म्हणजे ते कुशीवर टाकायचं. तळाला चिकटलेली कालवं खरवडायची, फटींत काथ्या ठोकायचा, वर तेल-चुन्याचा लेप द्यायचा. कुशीवर टाकण्याआधी ते हलकं करावं लागतं. माल उतरतो, पाणी उतरतं आणि तोफाही उतरतात. आपला पडाव दरसाल वर ओढणाऱ्या माणसाला हे पुस्तकातून कळावं लागत नाही. म्हणजे आडवं पडलेलं जहाज लढाईतून बाद. अंजदीवला दोन जहाजं साफ झाली. ती एकेक करून झाली असं धरलं तरी दर वेळी तिघांतली दोनच पाण्यावर राहणार.

त्या दोघांजवळ तोफा होत्या. मास्तरआजोबा इथे हटकून अडवत. याच मुक्कामात वल्ह्यांची गलबतं चालून आली होती आणि गोळे पडताच मागे फिरली होती, हे ते पानावर बोट ठेवून दाखवत. आजोबांचं उत्तर एकच: “वारो नाय. मगे जहाज फिरवतलो कोण?” तोफा जहाजाच्या कुशीला असतात. नेम बदलायचा तर जहाजाचं तोंड फिरवावं लागतं आणि जहाज शिडाने फिरतं. ऑक्टोबरातल्या निवांत पाण्यात मोठं शिडाचं जहाज आहे तिथे पडून राहतं, पण वल्ह्यांची गलबतं हवी तिकडून येतात. पहाटेच्या मतलईवर ती खाडीतून बाहेर पडणार, उजाडायच्या आत बेटाच्या आडोशाला येणार, नाळेच्या आणि सुकाणूच्या बाजूने भिडणार. आठ गलबतं तोफेपुढून पळतील. चाळीस सगळ्या बाजूंनी आली तर पहिली पाच बुडतील आणि उरलेली पोचतील.

गामाच्या माणसांना पुढे ज्या निर्वात समुद्राने मारलं, त्यानेच आधी त्यांना चाळीस गलबतांच्या हाती दिलं असतं. इतकी वर्षं मी या तर्कात खोट शोधते आहे, ती मला सापडलेली नाही.

वाट कुणी दाखवली याच्याही अशाच गोष्टी किनाऱ्याकिनाऱ्याला आहेत. मुंबईच्या बंदरात आजोबांना मांडवीचे कच्छी खलाशी भेटत. ते छातीवर हात ठेवून सांगत की गामाला हिंदुस्थानला आणणारा आमचा कानजी मालम. रोजनिशीत वाटाड्या ख्रिस्ती होता एवढंच आहे. पोर्तुगीज इतिहासकार बारुश मात्र तो गुजरातचा होता म्हणतो आणि त्याचं नाव ‘मालेमो काना’ असं देतो, तेव्हा कच्छ्यांच्या बोलण्याला अगदीच आधार नाही असं म्हणवत नाही. मक्केतला बखरकार कुतुबुद्दीन नहरवाली यानेही काही दशकांनी एक गोष्ट लिहिली. थोर अरब नाविक इब्न माजिद याला दारू पाजून फिरंग्यांनी वाट काढून घेतली, अशी ती गोष्ट. अभ्यासक ती आता मानत नाहीत. मला मात्र या गोष्टी मोलाच्या वाटतात. एका समुद्रावर राहणाऱ्या निरनिराळ्या लोकांनी नंतर मागे वळून बघितलं, सगळं कुठे बिघडलं ते विचारलं, आणि प्रत्येकाने तो क्षण आपल्यातल्याच एका माणसाच्या हाती ठेवला. कच्छात तो अभिमानाने ठेवला, मक्केत पश्चात्तापाने. आमच्या पडवीवर तो हेराच्या तोंडात होता.

मास्तरआजोबांना लढाईपेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटे. समजा, बुडाली तिन्ही. मग काय? “दुसरो इलो असतो,” आजोबा म्हणत. बार्तोलोमेऊ दियाश १४८८ सालीच आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून गेला होता, पेरो द कोव्हिल्याँ खुष्कीच्या आणि अरबांच्या वाटेने कालिकत-गोवा बघून गेला होता. वाट अर्धीअधिक माहीत झालेली होती. यावर मास्तरआजोबा विचारत, “चिनी परत इले?” आणि आजोबा गप्प होत.

चिनी दर्यासारंग झंग हच्या ताफ्यांनी १४०५ ते १४३३ या काळात सात सफरी केल्या. गामापेक्षा कितीतरी मोठी जहाजं, हजारोंनी माणसं. कालिकत त्यांचं नेहमीचं बंदर होतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत ते पोचले, मालिंदीहून त्यांच्या बादशहाला जिराफ गेला. मग दरबाराचं मन फिरलं आणि सगळं थांबलं. कुणी हरवलं नव्हतं, वाट विसरली नव्हती, तरी ताफे पुन्हा निघाले नाहीत. सफर नुसत्या धाडसावर चालत नाही. मागे कुणीतरी खर्च करत राहावं लागतं. पोर्तुगालच्या राजा मान्युएलच्या दरबारातही हिंदुस्थानचा नाद नको म्हणणारे पुष्कळ होते. दियाश परतल्यावर गामा निघेपर्यंत जवळजवळ नऊ वर्षं गेली, तीही दियाश यशस्वी होऊन आला असताना. सुमारे १७० माणसं गेली आणि एकही आला नाही असं झालं असतं तर विरोधकांचा आवाज किती चढला असता! प्रत्यक्षात जुलै १४९९ मध्ये ‘बेरियु’ हे लहान जहाज लिस्बनच्या नदीत शिरलं आणि आठ महिन्यांत, मार्च १५०० मध्ये, काब्राल १३ जहाजं घेऊन निघालासुद्धा.

माझं मत मास्तरआजोबांहून वेगळं आहे. चीनला मिऱ्यांसाठी कालिकतला येण्याची गरज नव्हती. पोर्तुगाल दहा लाखांच्या आसपास वस्तीचा, समुद्राला पाठ लावून बसलेला देश. मिरी व्हेनिसवाल्यांना वगळून थेट मिळाली तर त्याचं नशीब बदलणार होतं. ते पुन्हा आलेच असते. पण कधी? दहा-पंधरा वर्षांनी म्हटलं, तर आमच्या किनाऱ्याचा सगळा हिशेब बदलतो.

जे झालं ते आठवा. १५०२ साली गामा दुसऱ्यांदा आला तेव्हा मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज त्याने बायकापोरांसकट जाळलं. १५०५ साली आल्मैदा व्हाइसरॉय म्हणून आला आणि त्याने अंजदीवलाच किल्ला बांधायला घेतला. १५०८ मध्ये इजिप्तच्या सुलतानाचं आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी मिळून चौलच्या खाडीत पोर्तुगिजांना हरवलं. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु तिथे मारला गेला. रेवदंड्याला जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं की युरोपच्या आरमाराचा या समुद्रातला पहिला मोठा पराभव इथे झाला? पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १५०९ मध्ये, दीवसमोर बापाने त्याचा सूड घेतला आणि इजिप्तचं आरमार संपलं. नोव्हेंबर १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला. ही सगळी घाई बघा. १५१७ साली तुर्कांनी इजिप्त जिंकला आणि तांबडा समुद्र उस्मानी सुलतानाच्या हाती गेला. तुर्कांचं मोठं आरमार दीवला आलं ते १५३८ मध्ये, तोवर पोर्तुगीज इथे तीस वर्षं मुरलेले होते. गामा १४९८ मध्ये अंजदीवला संपला असता आणि नंतरचे १५१५ च्या आसपास आले असते, तर त्यांचे किल्ले उभे राहायच्या आत सुएझची जहाजं समुद्रात उतरली असती. चौलची लढाई पुन्हा झाली असती आणि तिच्यानंतर दीव झालं नसतं.

तरी त्या न झालेल्या काळाला मी रामराज्य म्हणणार नाही. अंजदीवच्या आजूबाजूच्या खाड्या लुटारूंच्याच होत्या. विजयनगर आणि बहामनी यांच्यात घोड्यांच्या व्यापारासाठी भटकळ, होन्नावर, गोवा या बंदरांवर रक्त सांडत होतं. गोवा १४७२ मध्ये महमूद गवानने विजयनगरकडून हिसकावला होता. आल्बुकर्कला गोव्यावर चालून जा म्हणणारा तिमय्या याच किनाऱ्याचा होता. फिरंगी आले ते इथल्याच भांडणातून आत शिरले.

बदललं ते दुसरंच आणि ते आजोबांना नेमकं कळलं होतं. बंदरावर जकात सगळेच राजे घेत. धक्क्याला लागलास तर दे, असा तो व्यवहार. भर समुद्रावर कुणाचा हक्क नव्हता. पोर्तुगिजांनी पहिल्यांदा सांगितलं की समुद्र आमचा आहे आणि त्यावर चालायचं तर आमचा कार्ताझ, म्हणजे परवाना, घ्या. त्यात गलबताचं नाव, तांडेलाचं नाव, माल, जाण्याचं ठिकाण. वाटेत त्यांच्या बंदराला लागून जकात भरायची. कार्ताझ नसला तर गलबत जप्त किंवा भस्म. अंजदीवला जाळलेलं ते नारळ-गुळाचं गलबत आजोबा याची सुरुवात मानत. तिथून पुढे समुद्रावरचा प्रत्येक माणूस कुणाच्यातरी परवानगीने जगू लागला. कानोजी आंग्र्यांनी पुढे आपली दस्तकं चालू केली, इंग्रजांनी आपले पास दिले. समुद्राला धनी असतो हे एकदा ठरल्यावर भांडण फक्त धनी कोण एवढ्यावर उरलं.

आजोबांच्या उमेदीच्या काळात अंजदीववर पोर्तुगीज शिपाई होतेच. मंगळूरला जाता-येता बेट दिसू लागलं की ते पडाव लांबून काढत. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्या बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला, मासेमारीच्या होडीवरही झाला आणि एक मच्छीमार गेला. १८ डिसेंबरला भारतीय नौदलाच्या ‘त्रिशूल’वरचे नौसैनिक बेटावर उतरले. सात जण कामी आले. ज्या बेटावरून गामा १४९८ मध्ये पळाला ते शेवटपर्यंत पोर्तुगिजांकडे राहिलं, आणि आजही ते गोवा राज्यात मोडतं. आता तिथे नौदल आहे आणि तुम्हाआम्हाला जाता येत नाही.

थांबला असता तर गामाचं काय झालं असतं, याचा एक पुरावा त्याच बेटाने पुढे दिला. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली. ताबा घ्यायला सर अब्राहम शिपमन सुमारे ४०० शिपायांसह आला. गोव्याच्या व्हाइसरॉयने मुंबई द्यायला नकार दिला, तेव्हा ही फौज अंजदीवला जाऊन बसली. ताप, आमांश आणि कोकणातला पाऊस. शिपमन १६६४ मध्ये तिथेच गेला. पुढच्या फेब्रुवारीत हम्फ्री कुकने मुंबईचा ताबा घेतला तेव्हा त्याच्याजवळ शंभराच्या आसपास माणसं होती. मास्तरआजोबांनी हे वाचलं तेव्हा आजोबा खूश झाले, कारण या वेळी चाळीस गलबतांचीही गरज पडली नव्हती. मास्तरआजोबांनी बजावलं की इंग्रजांनी तिथे पावसाळे काढले, गामाला उघडिपीचे पाच-सहा आठवडेच काढायचे होते. ते खरं आहे. बेटाने गामाला मारलं नसतं. गलबतांनीच मारलं असतं.

आजी या वादात क्वचित पडायची. पडली की विषय देवीचा निघे. आमचं घराणं मूळचं साष्टीतलं, देवी शांतादुर्गा. सोळाव्या शतकाच्या साठीच्या दशकात साष्टीतली देवळं मोडली गेली तेव्हा भक्तांनी केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे कवळ्याला नेली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. नदीच्या पलीकडे तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य नव्हतं. आजी सांगायची ती रात्र अशी: पावलांचा आवाज होऊ नये म्हणून गुरांना आधी हाकललं, देवीला लुगड्यात गुंडाळलं, होडीत दिवा नाही. घरंच्या घरं त्या वाटेने निघाली, कुणी दक्षिणेला कुमठा-मंगळूरला गेली, आमची उत्तरेला आली. आजोबा ही गोष्ट ऐकून घेत आणि दर वेळी तेच विचारत, “वल्यार कोण होतो?” देवी कुणी उचलली त्यांची नावं घराण्यांना ठाऊक होती. काळोखात, पहाऱ्याच्या पाण्यातून होडी कुणी काढली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या माणसाजवळ कार्ताझ नसणार. सापडला असता तर त्याचं आणि होडीचं काय झालं असतं ते आजोबांना कुणी सांगायला नको होतं.

फिरंगी आले नसते तर देवी केळशीलाच असती, असं आजी ठामपणे म्हणे. मग थोड्या वेळाने, वेंगुर्ल्याच्या बाईला साजेसं, काजूचं काय असं विचारी. काजू, मिरची, पेरू, पपई ब्राझील-मेक्सिकोकडून याच लोकांनी आणलं. मला हा प्रश्न तितकासा अवघड वाटत नाही. झाडं माणसांपेक्षा सहज प्रवास करतात. ती तुर्कांच्या किंवा अरबांच्या जहाजातून उशिरा आली असती आणि आली असती.

अवघड प्रश्न मास्तरआजोबांचा होता. तो त्यांनी ज्या संध्याकाळी विचारला तेव्हा आजी, आई, आम्ही पोरं सगळीच गप्प झालो होतो. गामा संपला, फिरंगी शिरलेच नाहीत, समुद्राला धनी नाही, मग शिवाजी महाराजांचं आरमार कशासाठी उभं राहिलं असतं? सिंधुदुर्ग कशाला बांधला असता? मालवणच्या समुद्रातला तो किल्ला आजोबांना देवळाइतका पवित्र. त्याच्यासमोरून जाताना ते पडावावर नारळ फोडत.

आजोबांनी विचार करायला बराच वेळ घेतला. “बांधूचो लागलो नसतो,” ते म्हणाले. “महाराजांका दर्यार दुसरा काम होता.”

कोणतं, ते त्यांनी मस्कत, बसरा, मोखा अशी बंदरं मोजून सांगितलं. मला तेव्हा वाटलं होतं की ते आपलं स्वप्न महाराजांच्या नावावर घालत आहेत. पुढे इंग्रजांच्या सुरतेच्या वखारीतले कागद वाचनात आले. १६६५ च्या सुमाराला, म्हणजे सिंधुदुर्गाचं बांधकाम चालू असतानाच, महाराजांच्या ताब्यातल्या बंदरांतून दर बंदरामागे दोन-तीन, काहींतून अधिक, व्यापारी गलबतं इराण, बसरा, मोखा या ठिकाणी जात होती, अशी त्यांत नोंद आहे. तो व्यापार महाराजांनी चालू ठेवला होता, लढाया चालू असताना, चहूकडून पहारे असताना. आणि त्या गलबतांसाठी त्यांच्या दरबाराला गोव्याकडे कार्ताझ मागावे लागत होते.